साडेआठची नोंद

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमचा हवामानाचा वार्षिकांक छापून येतो. मुखपृष्ठ साधं, आत लेख मोजके आणि निम्म्याहून जास्त पानांवर आकड्यांचे तक्ते. मागच्या जूनपासून यंदाच्या मार्चअखेरपर्यंत कुठल्या गावात कोणत्या दिवशी किती पाऊस झाला, गारा कुठं पडल्या, थंडीत पारा किती उतरला, धुकं किती वाजेपर्यंत टिकलं, याची ती नोंद असते. वाई तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक, चिपळूणकडचे एक औषध दुकानदार, नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदार बाई, पुण्यात संगणकाचं काम करणारा एक तरुण, बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई आणि असे आणखी पुष्कळ जण मिळून हा अंक तयार करतात. पेशानं हवामानशास्त्रज्ञ यांत कुणी नाही. वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरी केलेले एक काका मात्र आमच्यात आहेत, आणि अंकाची सगळी शिस्त त्यांनी लावलेली आहे.

मी मूळची मुद्रितशोधक. पाठ्यपुस्तकांची प्रुफं वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अंकाचं शुद्धलेखन तपासायला मला बोलावलं आणि मी इथलीच झाले. पहिल्याच अंकाच्या वेळी लक्षात आलं की इथलं वाचन निराळं आहे. मजकुरात एखादी वेलांटी चुकली तर ती डोळ्याला खुपते, वाक्य अडखळतं. ३२ च्या जागी २३ पडले तर काहीच अडखळत नाही. चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतकाच शांतपणे पानावर बसतो आणि पुढं कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवून हिशेब करतो. म्हणून आमच्याकडे तक्ते दोघांनी वाचायचे असतात. एकानं निरीक्षकाच्या मूळ वहीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील पानावर बोट ठेवून ताडून पाहायचं. महिन्याची बेरीज तिसऱ्यानं स्वतंत्रपणे करायची. रविवारच्या सकाळी ताईंच्या घरी हे वाचन चालतं. ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटेल. मला मात्र अंकाच्या सगळ्या कामांत हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

सुरुवातीला सगळ्यांत जास्त गोंधळ तारखांचा होता. पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठची. ती कुणाच्या सोयीसाठी ठरलेली नाही. जगभरच्या वेधशाळा ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे ठरावीक वेळांना एकाच क्षणी निरीक्षणं घेतात. ग्रीनिचचे पहाटेचे तीन म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेपुढे लिहायचा, हा नियम. पण माणसाच्या मनाला ते पटत नाही. पाऊस काल संध्याकाळी कोसळला, तर तो कालचाच वाटतो. त्यामुळे कुणी आजच्या तारखेला लिही, कुणी कालच्या, आणि दोन शेजारच्या गावांचे तक्ते समोरासमोर ठेवले की एकाचा पाऊस दुसऱ्याच्या एक दिवस मागं चाले.

हे समजावून सांगताना काका नेहमी मुंबईचं उदाहरण देत. २६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्या महाराष्ट्राच्या लक्षात आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पण ती नोंद २७ जुलैला सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची आहे. “आठवण सव्वीसची, नोंद सत्तावीसची. दोन्ही खऱ्या. तक्त्यात मात्र नोंदच जायची,” असं ते म्हणायचे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. एकाच शहरात, लोकलच्या तासाभराच्याही आतल्या अंतरावर, एवढी तफावत. ज्यानं फक्त कुलाब्याचा आकडा पाहिला असता, त्याला त्या दिवशी मुंबईत काही विशेष घडलं असं वाटलंच नसतं.

आमच्यासारख्यांच्या कामाची गरज मला इथं दिसते. हवामान खात्याच्या वेधशाळा, तालुक्यातले आणि महसूल मंडळांतले पर्जन्यमापक, सगळं मोजलं तरी दोन केंद्रांमध्ये बरीच गावं, खिंडी, खोरी मोकळी राहतात. आपला सह्याद्री तर पावसाच्या बाबतीत फार उतरता आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाचगणी ओलांडून घाट उतरलं की वाईत तो हजाराच्याही आत येतो. हे सगळं तीस-पस्तीस किलोमीटरांत. मधल्या प्रत्येक वाडीचा पाऊस वेगळा आहे आणि तो तिथं राहणाऱ्यानंच मोजायला हवा.

मोजणं दिसायला सोपं आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर. पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर हवं, आणि जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जी उंची तिच्या निदान दुप्पट अंतरावर तो हवा. खेड्यात हे जमतं. शहरात मोकळी जमीन कुठून आणायची? सोसायटीच्या गच्चीवर वारा वळसे घेतो, थेंब तोंडाशी येऊन बाजूला उडतात आणि पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. शहरातल्या उत्साही मुलांच्या नोंदी अंकात घ्यायच्या की नाहीत, यावर आमची मोठी चर्चा झाली. शेवटी ठरलं की घ्यायच्या, पण केंद्राच्या नावापुढे ‘गच्ची’ असं छापायचं. वाचणाऱ्याला आकड्यासोबत त्याची जागाही कळली पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक केंद्राची माहिती आम्ही स्वतंत्र पानावर देतो: यंत्र कोणतं, कुठं ठेवलंय, पूर्वेला झाड आहे का, कोण मोजतं. तापमानासाठीही तेच. भिंतीला टांगलेला तापमापक भिंतीची उष्णता दाखवतो. तो पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असेल तरच त्याचा आकडा आम्ही घेतो. मोबाइलवर दिसणारं तापमान बहुतेक वेळा गणितानं काढलेलं असतं, त्या गावात कुणी मोजलेलं नसतं, म्हणून ते आमच्या तक्त्यात येत नाही.

एका वर्षी शिक्षकांच्या गावचा पाऊस फार मोठा दिसू लागला. सर अत्यंत काटेकोर. वहीत एक खाडाखोड नाही, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या आकड्यांवर शंका घ्यायची कुणाची हिंमत होईना. तेव्हा संगणकवाल्या तरुणानं एक जुनी पद्धत वापरली. शेजारच्या केंद्रांची सरासरी घेतली, जूनपासून दिवसागणिक वाढत जाणारी तिची बेरीज आलेखाच्या आडव्या अक्षावर मांडली आणि सरांच्या केंद्राची तशीच बेरीज उभ्या अक्षावर. मोजण्याची रीत तीच राहिली असेल तर बिंदूंची रेघ साधारण सरळ जाते. सरांची रेघ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सरळ गेली आणि तिथून एकदम चढली. उतार बरोबर दुप्पट झाला होता.

आम्ही सरांना फोन केला. “सर, ऑगस्टच्या सुरुवातीला यंत्रात काही बदल केला होता का?” त्यांनी वही उघडली आणि वाचून दाखवलं: काचेचं मोजपात्र फुटलं, तालुक्याहून नवीन आणलं. उलगडा झाला. पर्जन्यमापकाचं तोंड दोन मापांचं मिळतं, १०० आणि २०० चौरस सेंटिमीटरचं. प्रत्येकाचं मोजपात्र वेगळं. सरांच्या यंत्राचं तोंड २०० चं आणि नवीन मोजपात्र १०० चं. एक मिलिमीटर पावसाचं पाणी त्यात दोन मिलिमीटरची खूण गाठत होतं. सर मोजत होते ते अचूकच होतं. काच दुसऱ्या यंत्राची होती. मोजपात्र बदलल्याचं त्यांनी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं म्हणूनच तो सगळा हंगाम वाचला. तक्त्यात आम्ही निम्मे केलेले आकडे छापले, खाली टीप दिली, आणि मूळ वही आहे तशीच जपून ठेवली. मूळ नोंद खोडायची नाही, हा आमचा नियम तेव्हापासून पक्का झाला.

या कामानं मला सर्वांत खोलवर शिकवलं ते मात्र शून्याबद्दल. पाऊस नसलेल्या दिवशीही निरीक्षकानं यंत्रापाशी जायचं, ते उघडून पाहायचं आणि मगच शून्य लिहायचं. नुसते थेंब दिसले, पण ०.१ मिलिमीटरही भरले नाहीत, तर तसं लिहायचं. आणि काही कारणानं जाताच आलं नाही, तर रकाना रिकामा ठेवायचा. शून्य म्हणजे कुणीतरी पाहिलं आणि पाऊस नव्हता. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलं नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पेरणीनंतर किती दिवस उघडीप राहिली, हे शेतकऱ्याला हवं असतं. रिकाम्या जागी शून्य भरलं तर न झालेली उघडीप कागदावर तयार होते. अंदाजानं पाच-सात मिलिमीटर भरले तर खरी उघडीप मधेच तुटते.

चिपळूणकडच्या दुकानदारांच्या घरी एकदा दुखणं आलं. ऐन जुलैत तीन दिवस ते इस्पितळात रुग्णाजवळ होते. परत आल्यावर त्यांनी बाटलीत साठलेलं पाणी मोजलं आणि आम्हाला कळवलं, “तीन दिवसांचं एकत्र आहे. तीननं भागून लिहू का?” काकांनी लगेच उत्तर दिलं, “भागू नका. तीन दिवस मिळून इतका, असंच लिहा. पावसानं काही समान वाटणी केलेली नाही.” अंकात ती नोंद महिरपी कंसात तीन तारखांपुढे एकत्रच छापली आहे. बाटली भरून वाहिली नव्हती, हेही त्यांनी आवर्जून लिहिलं होतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही काळजी घ्यावीच लागते. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या यंत्राखाली चार लिटरची बाटली असेल तर ती २०० मिलिमीटरला भरते, आणि तिथं एका रात्रीत तेवढा पाऊस होतो. आमचे घाटावरचे निरीक्षक अशा रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडतात, बाटली मोजून रिकामी करतात आणि वेळ लिहून ठेवतात.

नक्षत्रांचा रकाना ठेवायचा की काढायचा, यावरही मतभेद झाला. तरुण मंडळींचं म्हणणं, इंग्रजी महिने असताना नक्षत्रं कशाला? द्राक्षबागायतदार बाई म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांच्या वह्या नक्षत्रांवर लिहिल्यात. मृग कोरडा गेला, तरणा पाऊस चांगला झाला, म्हाताऱ्यानं झोडपलं, असं. महिने लावले तर त्या वह्यांशी मेळ कसा घालायचा?” हे कारण सगळ्यांना पटलं. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस हे साधारण तेरा-चौदा दिवसांचे ठरलेले कप्पे आहेत. त्यांत मोजलेले मिलिमीटर भरले की जुन्या शेतकऱ्यांची आठवण आणि आजचा आकडा शेजारी बसतात. तेव्हापासून प्रत्येक केंद्राच्या दोन बेरजा आम्ही देतो, महिन्यांची आणि नक्षत्रांची.

अंकाचा काळही असाच वाढत गेला. आरंभी आम्ही जून ते सप्टेंबर एवढंच छापत होतो. २०२० मध्ये हवामान खात्यानं मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर आहे. परतीचा पाऊस सोयाबीन भिजवतो, द्राक्षाच्या छाटण्या खोळंबवतो. तो सोडून पावसाळ्याचा तक्ता पुरा होत नाही, हे आमच्या निरीक्षकांना आधीपासून जाणवत होतं. गारपिटीच्या नोंदी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमुळे आल्या. त्या वेळी महाराष्ट्रात इतक्या जिल्ह्यांत गारांनी उभी पिकं झोपवली की हिवाळ्याअखेरची पानं वाढवणं भागच होतं. गार बोराएवढी की लिंबाएवढी, हे आम्ही आता निरीक्षकाच्या शब्दांवर सोडत नाही. गारेशेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा आणि गारपीट सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ लिहायची, एवढं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

एक गोष्ट आम्ही कधी छापली नाही, ती म्हणजे अंदाज. अंक घेणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, “यंदा पाऊस कसा?” विक्रीच्या दृष्टीनं अंदाज छापणं फायद्याचं ठरलं असतं, आणि तसा आग्रहही झाला. पण अंदाज वर्तवण्यासाठी लागणारी साधनं आणि अभ्यास आमच्याकडे नाही. आमच्याकडे नोंदी आहेत. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. दुष्काळाच्या देशात मोसमी पावसाचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या केंद्रांच्या जुन्या नोंदी गोळा करून त्यांचं गणित मांडलं, आणि त्यातूनच पॅसिफिक महासागरावरच्या हवेच्या दाबाचा मोठा झोका जगाच्या ध्यानात आला. त्यांच्या गणिताला आधार होता तो कुणीतरी कुठंतरी रोज उठून लिहिलेल्या आकड्यांचा.

हवामानशास्त्राची सुरुवात अशा माणसांनी ठिकठिकाणी केली आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० सालच्या पावसाचे आकडे १६८ ठिकाणांहून जमवून छापले. पुढं त्या वार्षिकाला नोंदी पाठवणारे हजारोंनी वाढले: पाद्री, डॉक्टर, बागवान, घरंदाज बाया. २०२० मध्ये टाळेबंदीत घरी बसलेल्या सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी ब्रिटनमधल्या पावसाच्या ६५ हजारांहून अधिक जुन्या कागदांवरचे आकडे संगणकावर चढवले, जवळपास ५२ लाख नोंदी. त्यामुळे तिथल्या पावसाचा इतिहास मागं नेता आला आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे कोरडे महिने नव्यानं तपासता आले. हे वाचलं तेव्हा आमच्या रविवारच्या वाचनाकडे मी नव्या नजरेनं पाहू लागले. आपण आज तपासलेलं पान कुणाच्या उपयोगी पडेल हे आपल्याला माहीत नसतं. म्हणूनच ते निर्दोष असलं पाहिजे.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये दगा दिलेला पाऊस, यांतून १८७५ साली हवामान खातं उभं राहिलं. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. खात्याचं संशोधन-नियतकालिक १९५० पासून निघतंय, आज त्याचं नाव ‘मौसम’ आहे. तिथले शोधनिबंध मोठ्या अभ्यासाचे. आमचा अंक त्याच्या पंक्तीला बसवण्याचा विचारही आमच्या मनात नाही. त्या अभ्यासाला गावपातळीवरून पुरवणी जोडावी, एवढीच आमची इच्छा आहे, आणि ती आम्ही मनापासून धरून आहोत.

उपयोग कुठं होतो, हे मी पाहिलं आहे. एका गावानं पाण्याचा ताळेबंद मांडताना तालुक्याच्या आकड्याऐवजी आपल्याच शाळेच्या आवारातले आकडे घेतले, आणि उन्हाळी पिकाखाली किती क्षेत्र ठेवायचं ते ग्रामसभेत त्यावरून ठरवलं. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी, हे मुलांनी फळ्यावर गणित करून दाखवलं तेव्हा मोठी माणसंही वही काढून लिहून घेत होती. ज्या गावात पाऊस मोजला जातो तिथं पाण्याबद्दलची चर्चा आकड्यांवर होते, आवाजाच्या चढण्या-उतरण्यावर होत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. घरासमोर, शेतात किंवा शाळेच्या मैदानात मोकळी जागा असेल तर पाऊस मोजायला लागा. पर्जन्यमापक घेणं शक्य असेल तर उत्तमच, आणि त्याचं मोजपात्र त्याच यंत्राचं आहे ना ते पाहून घ्या. तोवर सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा आणि मोजपट्टी चालेल. अशा डब्यात साठलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. सकाळी साडेआठला मोजा, त्याच दिवसाच्या तारखेपुढे लिहा. पाऊस नसेल तर पाहून शून्य लिहा. पाहिलं नसेल तर जागा रिकामी सोडा. यंत्र हललं, फुटलं, जागा बदलली, तर तेही तारखेसह लिहा. आसपास आणखी दोघं-तिघं मोजणारे मिळाले तर महिन्याअखेरीस वह्या एकमेकांशी ताडून पाहा आणि वर्षअखेरीस दोन पानं का होईना, छापून काढा. येत्या १ जूनपासून सुरुवात करा आणि वही जपून ठेवा.